फादर स्टीफन्स आणि क्रिस्तपुराण

आपल्या गोव्यात राहून मराठीत हजारो ओव्या रचणारे एक इंग्रज धर्मगुरू होऊन गेले. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास झाला. १५७९ साली ते गोव्यात आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे, मुख्यतः सासष्टीत, त्यांनी सेवा केली. येथील कोकणी व मराठी भाषा त्यांनी मनापासून शिकून घेतल्या.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या घरातील जुन्या पोथ्या बंद झाल्या होत्या. धर्माची कोरडी प्रश्नोत्तरे पाठ करून त्यांचे मन भरत नव्हते. ज्या लोकांचे कान ओवीवर वाढले, त्यांना श्रद्धाही ओवीतूनच भिडेल, हे फादरांनी ओळखले. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची बायबलमधील कथा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफली. फुले, रत्ने, सुगंध यांच्या उपमा देऊन मराठीचा गौरवही केला.

१६१६ साली रायतूर येथे हे पुराण छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने त्यासाठी रोमन लिपी वापरावी लागली. १६१९ साली फादरांचे निधन झाले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला. तरीही लोकांनी हाताने नकला करून क्रिस्तपुराण जपले. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली ते मंगळूरला पुन्हा छापले गेले. हुकूम इतिहासजमा झाला, ओवी मात्र टिकली. मुलांनो, आपल्या भाषेवर असेच प्रेम करा.