आपल्या मावळातले संशोधक : स्वामी कुवलयानंद

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मुलांना एक गंमत करायला सांगा. श्वास रोखा म्हटलं की सगळी गाल फुगवून बसतात. आता हृदय थांबवा म्हणा. कोणालाच जमत नाही! हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम, डोळ्यातल्या बाहुलीचं लहानमोठं होणं, हे सारं स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता चालवते. भीती वाटली की तिचा अनुकंपी भाग ठोके वाढवतो, पचन मंद करतो. परानुकंपी भाग पुन्हा शांत करतो. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलंही ऐकतो.

योगाने या आतल्या इंद्रियांवर नेमकं काय होतं, हे यंत्र लावून बघायचं ठरवलं ते स्वामी कुवलयानंदांनी. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेत डभोईला. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसरला माधवदास महाराजांकडे योग. अमळनेरला राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. म्हणजे आपल्यासारखे शिक्षकच.

गुरूंवर श्रद्धा होती, पण तपासल्याशिवाय सांगायचं नाही ही सवयही होती. मला त्यांचं हेच फार आवडतं. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौलीचे प्रयोग केले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला! पाण्यात बसून नौली करणारे साधक गुदद्वारातून पाणी वर ओढून घेतात, हा बघणाऱ्याला चमत्कारच वाटतो. पण आत दाब कमी झाला की बाहेरची हवाच पाणी आत ढकलते. आपण स्ट्रॉने सरबत पितो तसंच की. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास निर्वात. चमत्कार उलगडला म्हणून गुरूंचा मान कमी होतो, असं त्यांना वाटलं नाही.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केलं. प्रयोगांचे निष्कर्ष त्यात छापले जात. पुढे १९२७ मध्ये महात्मा गांधींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले.

सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीला सहल आणलीत, तर एखाद्या वर्षी लोणावळ्यापर्यंतही न्या. दोन्ही ठिकाणं आपल्या मावळ तालुक्यातलीच. जाताना गाडीत मुलांना आपली नाडी मोजायला सांगा, आधी बसल्या बसल्या आणि मग सावकाश दहा श्वास घेऊन. आकडे वहीत लिहून घ्या. फरक पडला नाही तर तेही लिहायचं.