मदर एलिझाबेथ सेटन

अमेरिकेत मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेल्या मदर सेटन यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील डॉ. रिचर्ड बेली हे पुढे बंदराचे आरोग्याधिकारी झाले. १७९४ मध्ये विल्यम सेटन या सधन व्यापाऱ्याशी एलिझाबेथबाईंचा विवाह झाला. १७९७ मध्ये शहरातील भगिनींनी गरीब विधवा व त्यांची मुले यांच्या साह्यार्थ एक संस्था काढली. आपल्या मंडळासारखीच म्हणा ना! तिची खजिनदारी बाईंनी सांभाळली. पुढे आपल्यावरच तशी पाळी येईल, हे त्यांच्या स्वप्नीही नसेल.

पतीचे दिवाळे निघाले, त्यात क्षयाने गाठले. हवापालटासाठी १८०३ मध्ये पती व आठ वर्षांची थोरली मुलगी यांच्यासह बाई इटलीस निघाल्या. न्यूयॉर्कात पीतज्वराची साथ होती, म्हणून लिव्होर्नो बंदरात सर्वांना सुमारे महिनाभर थंड दगडी इमारतीत अडकवून ठेवले. ज्यांचे वडील आपल्या बंदरावर हेच काम करीत, त्यांच्याच लेकीच्या वाट्याला हे यावे! सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत, २७ डिसेंबरला, पती निवर्तले.

पदरी पाच मुले आणि हाती पैसा नाही. इटलीतील स्नेह्यांमुळे त्यांचे मन कॅथॉलिक पंथाकडे वळले व १८०५ मध्ये त्यांनी तो स्वीकारला. न्यूयॉर्कच्या प्रॉटेस्टंट समाजाला हे रुचले नाही. पुष्कळ आप्त दुरावले, शिकवून पोट भरणेही कठीण झाले. १८०८ मध्ये बाल्टिमोरला बोलावणे आले, तेथे त्यांनी मुलींची शाळा चालविली. पुढल्याच वर्षी मेरीलँडमधील एमिट्सबर्ग या खेड्यात त्यांनी भगिनीसंघ स्थापला.

२२ फेब्रुवारी १८१० रोजी तेथे गरीब मुलींसाठी मोफत शाळा उघडली. पण खर्च कोठून भागणार? त्याच वर्षी वसतिगृहात राहणाऱ्या मुली घेण्यास आरंभ झाला. सधन घरच्या मुलींची फी येई आणि तिच्या आधारावर गावातील गरीब मुली शिकत. घरचे दिवाळे पाहिलेल्या बाईलाच असा व्यवहार जमावा, असे मला वाटते.

थोरली मुलगी ॲना १८१२ मध्ये, धाकटी रिबेका १८१६ मध्ये, दोघी क्षयाने गेल्या. शाळा मात्र एक दिवसही त्यांनी टाकली नाही असे म्हणावे, इतके त्यांचे मन तेथे गुंतले होते. ४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, त्याही क्षयानेच गेल्या. १९७५ मध्ये पोपनी त्यांना संतपद दिले. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीस ते प्रथमच मिळाले.

शाळेचे पुढे महिला महाविद्यालय झाले, ते १९७३ मध्ये बंद पडले. ती वास्तू नंतर सरकारने घेतली आणि तेथे आग विझविणाऱ्यांचे शिक्षणकेंद्र निघाले. बाईंनी जेथे वर्ग भरविले ते पांढरे लाकडी घर मात्र शेजारीच जतन केलेले आहे.