मिलानकोविच: ज्यांच्या गणिताचा पुरावा समुद्राच्या गाळात निघाला

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला. पृथ्वीची कक्षा बदलत राहते, त्यामुळे हवामान आपोआप बदलतं, यात माणसाचा काही हात नाही, असा त्याचा सूर. खाली पुरावा म्हणून एकच नाव: मिलानकोविच सायकल. मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण या माणसाबद्दल मलाच धड काही माहीत नव्हतं. मग दोन रात्री वाचत बसलो. फॉरवर्ड बाजूलाच राहिला, माणूस मात्र डोक्यात बसला.

मिलुटिन मिलानकोविच यांचा जन्म २८ मे १८७९ रोजी डाल्य या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घर सर्बियन. मुलगा आठ वर्षांचा असताना वडील गेले. तब्येत नाजूक, म्हणून सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. पुढे व्हिएन्नात सिव्हिल इंजिनिअरिंग आणि १९०४ मध्ये डॉक्टरेट. काँक्रीटची धरणं, पूल असं काम सुरू झालं, नावावर पेटंटही आली. थोडक्यात, करिअर सेट होतं. पण १९०९ मध्ये ते सगळं सोडून ते बेलग्रेड विद्यापीठात गणित शिकवायला गेले. पगार कमी, पण विचार करायला मोकळा वेळ भरपूर.

त्यांनी निवडलेला प्रश्न होता हिमयुगांचा. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेवर एकेकाळी प्रचंड बर्फ पसरला होता आणि तोही एकदा नाही, अनेकदा, हे भूगर्भशास्त्रज्ञांना कळलं होतं. पण का? यामागे पृथ्वीची कक्षा असावी, असं स्कॉटलंडच्या जेम्स क्रॉल यांनी आधीच्या शतकात सुचवलं होतं. पण कुठल्या अक्षांशावर, कुठल्या काळात, किती ऊन पडलं, याचा नेमका हिशोब कुणी केला नव्हता. मिलानकोविच इंजिनिअर होते. त्यांना आकडे हवे होते.

१९१४ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी क्रिस्टीनासोबत ते डाल्यला गेले आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ते सर्बियाचे नागरिक, म्हणजे एका दिवसात शत्रू. अटक करून त्यांना ओसियेकच्या किल्ल्यात टाकलं. कोठडीचं दार बंद झाल्यावर त्यांनी बॅगेतले कागद काढले आणि अर्धवट राहिलेलं गणित पुढे सुरू केलं. नंतर व्हिएन्नातल्या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी खटपट केली आणि त्यांना बुडापेस्टमध्ये नजरकैदेत राहायची परवानगी मिळाली. तिथे हंगेरियन विज्ञान अकादमीचं ग्रंथालय त्यांच्यासाठी उघडं होतं. अख्खं युद्ध त्यांनी तिथे बसून काढलं. १९२० मध्ये पॅरिसहून पुस्तक आलं.

ते पुस्तक व्लादिमिर कोपेन यांच्या हाती पडलं. भूगोलाच्या पुस्तकात हवामानाचं कोपेनचं वर्गीकरण पाठ केलंय ना, तेच हे. त्यांचे जावई आल्फ्रेड वेगेनर, खंड सरकतात असं सांगणारे. कोपेन यांनी एक कळीची गोष्ट पटवून दिली: हिवाळा किती कडक आहे हे बघू नका, उन्हाळा बघा. बर्फ हिवाळ्यात पडणारच. उन्हाळा थंड असला तर तो वितळत नाही आणि पुढच्या वर्षीचा थर त्याच्यावर चढतो. मिलानकोविच यांनी मग जवळपास १०० दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड केली. उत्तरेकडच्या ५५, ६० आणि ६५ अंश अक्षांशांवरच्या उन्हाळ्यातल्या उन्हाचा ६ लाख ५० हजार वर्षांचा आलेख, तोही कागद-पेन्सिलने. आज हेच काम तुमचा-माझा लॅपटॉप क्षणात करतो, म्हणून त्या १०० दिवसांचं वजन आपल्याला चटकन जाणवत नाही.

हिशोबात तीन गोष्टी होत्या. पृथ्वीची कक्षा कधी गोलाकडे झुकते, कधी जरा लांबट होते. याला साधारण १ लाख वर्षं लागतात. अक्षाचा कल २२ ते साडेचोवीस अंशांच्या मध्ये हलतो, ४१ हजार वर्षांत एक फेरा. आणि अक्ष फिरत्या भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या जवळ असताना कुठला ऋतू असेल हे साधारण १९ ते २३ हजार वर्षांच्या चक्राने बदलत राहतं.

सगळं काम एकत्र करून त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. एप्रिल १९४१ च्या सुरुवातीला बेलग्रेडमध्ये त्याची छपाई पूर्ण झाली आणि ६ एप्रिलला जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. छापखाना गेला. छापलेले बहुतेक कागद नशिबाने वाचले, थोडे पुन्हा छापावे लागले.

पण खरा धक्का पुढे होता. १९५० च्या दशकात कार्बन डेटिंग आलं. जमिनीवरच्या हिमनद्यांच्या खुणांची वयं निघू लागली आणि ती मिलानकोविच यांच्या आलेखाशी जुळेनात. बहुतेकांनी त्यांचं गणित बाजूला ठेवलं. १२ डिसेंबर १९५८ रोजी बेलग्रेडमध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा सिद्धांत जवळजवळ मोडीत निघाला होता.

अडचण अशी होती की जमिनीवरचा पुरावाच तुटक होता. नवी हिमनदी येते तेव्हा ती जुनीच्या खुणा खरवडून टाकते, म्हणजे जुन्या फाइलवरच नवी सेव्ह. शिवाय कार्बनचं घड्याळ सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. सलग नोंद हवी असेल तर खोल समुद्राकडे जावं लागतं. तिथे सूक्ष्म जीवांची कवचं आणि धूळ शांतपणे खाली बसत राहते. जहाजावरून वजनदार पोकळ नळी सोडतात, ती गाळात रुतते आणि थरांसकट वर येते. वरचा थर आजचा, खाली जावं तसं मागे.

या गाळात बर्फाची नोंद कशी सापडते, हे मला फार आवडलं. ऑक्सिजन हलका आणि जड अशा दोन प्रकारांत असतो. हलक्या ऑक्सिजनचं पाणी जास्त सहज वाफ होतं, ध्रुवांकडे बर्फ होऊन पडतं आणि तिथेच अडकतं. जमिनीवर बर्फ जितका जास्त, तितकं समुद्रातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण जास्त. फोरॅमिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव त्याच पाण्यातून कवच बनवतात. कवच मोजलं की त्या काळी जगात बर्फ किती होता याचा अंदाज येतो.

आता नकाशा उघडा. नागपूरहून सरळ दक्षिणेला रेघ ओढा, श्रीलंकेच्या किंचित पश्चिमेकडून, विषुववृत्त ओलांडून अंटार्क्टिकाच्या वाटेवर ४३ अंश दक्षिणेपर्यंत. साधारण तिथून एक नळी गाळ काढला होता आणि तिच्या आग्नेयेला दुसरी. या दोन नळ्यांमध्ये मिळून साडेचार लाख वर्षांची नोंद होती. जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकलटन यांनी ती तपासली आणि डिसेंबर १९७६ मध्ये निष्कर्ष छापला. बर्फाच्या चढउतारात १ लाख, ४२ हजार, २३ हजार आणि १९ हजार वर्षांचे ठोके स्पष्ट दिसत होते. मिलानकोविच यांना जाऊन १८ वर्षं झाली होती.

सगळं जुळलं असं मात्र नाही. त्यांच्या गणितात १ लाख वर्षांचा ठोका सगळ्यात कमजोर, आणि गाळात नेमका तोच सगळ्यात जोरदार. हे का, यावर वाद अजून चालू आहे.

याहून मोठी गोष्ट २००६-०७ मध्ये अंटार्क्टिकातल्या अँड्रिल प्रकल्पात दिसली. तरंगत्या बर्फावर यंत्र उभारलं, सुमारे ८५ मीटर बर्फ आणि ८०० मीटरहून जास्त पाणी पार केलं आणि समुद्रतळातून १,२८५ मीटर लांबीचा नमुना काढला. त्यात हिमनदीने ओढून आणलेल्या दगडगोट्यांचा थर, त्यावर उघड्या समुद्रातल्या डायटम शेवाळाचा थर, पुन्हा दगडगोटे. ५० ते ३० लाख वर्षांपूर्वी पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ साधारण ४० हजार वर्षांच्या तालावर येत-जात होता. म्हणजे अक्षाच्या कलाचा ठोका. आणि त्या काळी हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे ४०० पीपीएमपर्यंत होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

म्हणजे काकांच्या फॉरवर्डमधलं अर्धं खरं आहे. कक्षा हवामान बदलते, पण हजारो वर्षांच्या चालीने. आणि मिलानकोविच यांचंच गणित लावलं तर गेली सुमारे १० हजार वर्षं उत्तरेचं उन्हाळी ऊन हळूहळू कमी होतंय. त्या हिशोबाने आज पृथ्वी किंचित थंड होत जायला हवी होती. तापतेय ती दुसऱ्या कारणाने.

हे मी ग्रुपवर चार ओळींत टाकलं. काका दिवसभर गप्प. रात्री प्रश्न आला: तरंगत्या बर्फावर एवढं यंत्र उभं राहतंच कसं, खाली भरती-ओहोटी नसते का? असते. ते कसं जमवतात, ते पुढच्या लेखात.