ट्रकच्या मागची शांत हवा आणि लुडविग प्रांटल

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणाऱ्या महामार्गावर एक दृश्य नेहमीचे आहे. उंच, बंद बॉडीचा ट्रक एकाच लयीत चाललेला असतो आणि त्याच्या मागच्या फळीला जवळजवळ चिकटून एखादी मोटारसायकल किंवा छोटी कार जात असते. समोरचा वारा ट्रक अंगावर घेतो, मागच्याला गाडी हलकी लागते आणि अ‍ॅव्हरेज वाढते. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यावर हा मोह कुणालाही पडेल.

ही समजूत खोटी नाही. ट्रकच्या मागे इंधन खरेच वाचते. ते का वाचते, हे समजायला लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाकडे जावे लागते. जीव तिथेच का जातो, याचा उलगडाही त्यांच्या कामातून होतो.

प्रांटल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७५ रोजी बव्हेरियातील फ्रायझिंग गावचा. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक. आईची प्रकृती कायम नाजूक असल्याने मुलगा वडिलांच्याच सहवासात वाढला आणि निसर्गातल्या गोष्टी निरखण्याची सवय त्याला तिथेच लागली. पुढे म्युनिकला ऑगस्ट फोपल यांच्या हाताखाली शिक्षण झाले. १९०० मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण तिचा हवेशी काही संबंध नव्हता. विषय होता तुळयांचा.

हवा त्यांच्या आयुष्यात आली ती कारखान्यातल्या भुश्शातून. न्यूरेंबर्गच्या एका यंत्र कारखान्यात नोकरी लागली, तिथे लाकडाचा आणि धातूचा कीस ओढून घेणारी यंत्रणा नीट चालत नव्हती. ती सुधारण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. पाइप पुढे रुंद होत गेला की हवेचा वेग कमी होऊन दाब वाढायला हवा, असे पुस्तक सांगत होते. प्रत्यक्षात तो वाढत नव्हता. हवा पाइपच्या भिंतीला धरून जातच नव्हती, मध्येच भिंत सोडून देत होती. प्रांटल यांनी यंत्रणा दुरुस्त केली आणि कारखान्याचे काम भागले. हवा भिंत का सोडते, हा प्रश्न मात्र ते हॅनोव्हरला प्राध्यापक होऊन गेले तेव्हा सोबत घेऊन गेले.

त्या काळातली अडचण समजून घेतली पाहिजे. अठराव्या शतकात दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले होते की, प्रवाहात घर्षण नाही असे धरले तर त्यातल्या वस्तूला काहीच विरोध होत नाही. हवेत घर्षण इतके कमी की ते सोडून द्यायला हरकत नाही, असे गणितज्ञ समजत. वाऱ्याविरुद्ध सायकल चालवलेल्या कुणालाही हे पटणार नाही. अभियंत्यांनाही पटत नव्हते. दीडशे वर्षे दोघे आपापल्या वाटेने चालले होते.

हॅनोव्हरला प्रांटल यांनी पाण्याचा एक लांबट हौद केला. हाताने चाक फिरवून त्यात पाणी वाहते ठेवायचे, पाण्यात चकाकणारे बारीक कण सोडायचे, मध्ये एखादी वस्तू ठेवायची आणि कणांच्या वाटा पाहायच्या. नांदेडला पावसाळ्यात गोदावरीच्या पुलावर उभे राहिले तर तोच प्रयोग फुकट दिसतो. खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी आदळून दुभंगते, बाजूंनी वेगाने निघते, पण मागे लगेच मिळत नाही. खांबाच्या पाठीशी पाणी गोल फिरत राहते. अडकलेली फांदी प्रवाहाच्या उलट, खांबाकडे ओढली जाते.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकोणतीस वर्षांच्या प्रांटल यांना दहा मिनिटे मिळाली. त्यांचे म्हणणे असे होते की, घर्षण सगळीकडे नगण्य असले तरी पृष्ठभागाला लागून असलेल्या अगदी पातळ थरात ते नगण्य नसते. पृष्ठभागावर हवेचा वेग शून्य असतो आणि थोड्याच अंतरावर तो पूर्ण होतो. या सीमास्तरातली हवा घर्षणाने थकलेली असते. पुढे दाब वाढू लागला की ती पुढे जाऊ शकत नाही, पृष्ठभाग सोडते आणि मागे भोवरे तयार होतात. छापून आला तो लेख जेमतेम आठ पानांचा. आजचे द्रवगतिशास्त्र त्या आठ पानांवर उभे आहे, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. परिषदेत मात्र फार थोड्यांना त्याचे मोल कळले. गटिंगेनचे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन त्यांपैकी एक. त्यांनी प्रांटल यांना आपल्या विद्यापीठात बोलावून घेतले आणि उरलेले आयुष्य तिथेच गेले.

गटिंगेनला प्रांटल यांनी विंड टनेल उभारला. पुढे एक वाद उद्‍भवला. एका गोल चेंडूवर हवेचा विरोध किती, याची गटिंगेनची मापे आणि पॅरिसला मनोरा बांधणाऱ्या गुस्ताव आयफेल यांची मापे जुळेनात. आयफेल यांचा आकडा निम्म्याहूनही कमी होता. १९१४ मध्ये प्रांटल यांनी चेंडूवर बारीक तारेचे कडे बसवले. खडबडीतपणा वाढला, तरी विरोध कमी झाला! तारेमुळे सीमास्तर खळबळला, त्याला बाहेरच्या वेगवान हवेचे बळ मिळाले, तो चेंडूला अधिक वेळ धरून राहिला आणि मागची भोवऱ्यांची जागा लहान झाली. दोघांचेही मोजमाप बरोबर होते. अशा बोजड आकाराला हवेचा जो विरोध होतो, त्याचा मोठा भाग मागच्या या कमी दाबाच्या जागेमुळे असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

आता ट्रककडे पाहा. चौकोनी बॉडीचा कोपरा आला की हवेला वळता येत नाही, ती तिथेच सुटते. मागे ट्रकच्याच रुंदीची, ट्रकबरोबर ओढली जाणारी हवा राहते. तिच्यात शिरलेल्या गाडीला समोरून वारा कमी लागतो. अमेरिकेतील ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास कार ट्रकमागे चालवून मोजले, तेव्हा ३० मीटर अंतरावर बचत ११ टक्के आणि ३ मीटरवर ३९ टक्के निघाली. त्या वेगाने ३ मीटर कापायला लागतो सेकंदाचा आठवा भाग. सावध चालकालाही धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद लागतो, म्हणजे २४ ते ३६ मीटर ब्रेक लागण्याआधीच सरतात. घसघशीत बचत आहे ती या पल्ल्याच्या आतच.

भरलेला ट्रक कारपेक्षा उशिरा थांबतो, मग भीती कशाची, असे काही जण म्हणतात. पण ट्रक नेहमी ब्रेक लावूनच थांबतो असे नाही. तो पुढच्या वाहनावर आदळतो, किंवा शेवटच्या क्षणी बाजूला वळतो. साखर कारखाने सुरू झाले की लातूरकडच्या रस्त्यांवर रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. ट्रकवाला उंचावरून ती पाहून वळतो, मागच्याला ती दिसते तेव्हा मध्ये ट्रकच नसतो. शिवाय इतक्या जवळची गाडी ट्रकचालकाला आरशात दिसत नाही. ट्रकच्या मागे खाली आडवा लोखंडी बार असावा असा नियम आहे. तो नसेल किंवा वाकलेला असेल तर कारचे बॉनेट खाली घुसते आणि फळीची कड काचेच्या उंचीला येते. दुचाकीस्वाराला तर ओव्हरटेक करताना आडोशातून बाहेर पडताच वाऱ्याचा एकदम तडाखा बसतो. आणि गोदावरीतल्या त्या फांदीसारखे धूळ आणि डिझेलचा धूरही या भोवऱ्यांतच फिरत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे.

प्रांटल व्यवहारात भाबडे म्हणून प्रसिद्ध होते. फोपल गुरुजींच्या मुलीला मागणी घालताना दोन बहिणींपैकी कोणती, हे सांगायचेच राहून गेले, अशी कथा त्यांचे शिष्य सांगत. १९०९ मध्ये थोरल्या गर्ट्रुडशी लग्न झाले. राजकारणातला त्यांचा भाबडेपणा मात्र इतक्या हलक्याने घेता येत नाही. नाझी राजवटीत ते हवाई खात्याचे मोठे सल्लागार राहिले आणि परदेशी सहकाऱ्यांना लिहिताना त्यांनी त्या राजवटीची बाजू घेतली. हायझेनबर्ग अडचणीत आले तेव्हा त्यांनी त्यांची बाजू लावून धरली, हेही खरे.

त्यांच्या शिष्यांत एक मराठी नावही आहे. कोल्हापूर भागातले विष्णू माधव घाटगे यांनी १९३६ मध्ये गटिंगेनला त्यांच्याकडे डॉक्टरेट केली. पुढे बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झाले आणि ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९५३ रोजी, प्रांटल गटिंगेनला वारले.

इंधन वाचवायचेच असेल तर याच शास्त्रात दुसरी वाट आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ६५ ने गाडी चालवली तर तो सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. नांदेड-लातूर हे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर त्या वेगाने अर्ध्या तासाहून कमी उशिराने संपते, आणि पुढे ट्रक लागत नाही.