डॉ. वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठात वैद्यकाचे अध्ययन करून १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. रोगाने शरीरात कोणते फेरफार होतात, याचा शोध घेणारे ते विकृतिशास्त्र. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत अध्यापन केले आणि १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोगावरील संशोधनाने त्यांची कीर्ती झाली. परंतु त्यांचे चित्त कुष्ठरोगातही तितकेच गुंतले होते. हा रोग जडलेल्या माणसाला त्या काळी आप्तसुद्धा दूर लोटीत. खानोलकरांनी रुग्णांच्या त्वचेचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्वचेवरील डाग अगदी प्रारंभीचा असला, तरी जंतू मज्जातंतूंत शिरलेले असतात, असे त्यांना आढळले. रुग्णाला चटका बसलेला कळत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

हे जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच पाहिले होते. पण ते प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात! इतर जंतू काचेच्या बशीत वाढवून त्यांवर औषधाची परीक्षा करता येते. येथे तो मार्गच खुंटला. खानोलकर व त्यांच्या सहकारी डॉ. कमल रणदिवे यांनी मानवी मज्जापेशींच्या साहाय्याने हे जंतू वाढविण्याचा प्रयत्न केला. १९५८ च्या सुमारास एक जंतू वाढलाही. मात्र तो कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याचा दूरचा भाऊबंद आहे, असे पुढे ठरले. याला निव्वळ अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याच भाऊबंदापासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली.

इकडे १९६४ मध्ये नवे संकट उघडकीस आले. डॅप्सोन या औषधाला काही जंतू दाद देईनासे झाले. त्याची खात्री करण्यास जंतू उंदराच्या तळपायात टोचून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधे एकदम देण्याची शिफारस केली. कुष्ठरोगाचा जंतू बशीत अद्यापही वाढत नाही. पण आता त्यावाचून अडत नाही. त्वचेच्या लहानशा नमुन्यातून जंतूची जनुके मिळवितात, त्यांच्या असंख्य प्रती करितात आणि त्यांतील घटकांचा क्रम वाचतात. ठरावीक जागी एखादा घटक बदललेला दिसला, की रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडणार नाही, हे थोड्याच दिवसांत कळते. मग वैद्य दुसरे औषध योजतात.