डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांची अमेरिकेंतील मावशी

आनंदीबाई जोशी ह्यांचें मूल अवघ्या १० दिवसांत गेलें, तेव्हां त्यांनीं वैद्यकी शिकण्याचा निश्चय केला. त्यांच्या पतीचें पत्र एका मिशनरी मासिकांत वाचून न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर बाईंनीं, धर्मांतराची अट न घालतां, त्यांना आपल्या घरीं बोलाविलें. १८८३ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, पतीस मागें ठेवून त्या अमेरिकेस गेल्या. कार्पेंटर बाईंस त्या मावशी म्हणत. लुगडें व शाकाहार न सोडतां, फिलाडेल्फियाची थंडी व आजार सोसून, १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. परंतु स्वदेशीं परतून पुढील वर्षींच क्षयानें निवर्तल्या. मावशीनें त्यांची रक्षा पकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. हिंगोलीस शिकावयास येणाऱ्या परगांवच्या लेकरांना आपल्याही घरांतून अशी मावशी लाभो.