विद्याव्यासंगी वीरचंद राघवजी गांधी

सौराष्ट्रातील महुवा येथे १८६४ साली जन्मलेले वीरचंदभाई उच्च शिक्षणासाठी मुंबईत आले व १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून सन्मानासह बी.ए. झाले. पदवीधर श्रावक त्या काळी विरळाच. पुढल्याच वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले.

पदवी मिळाली तरी त्यांचे विद्यार्थीपण सरले नाही. १८९१ च्या सुमारास तीर्थाधिराज श्री सम्मेदशिखरजीच्या पहाडावर डुकराच्या चरबीचा कारखाना निघाला. समाज व्यथित झाला, प्रकरण न्यायालयात गेले. परंतु जुने कागदपत्र बंगाली भाषेत! दुभाष्यावर विसंबणे सोपे होते. वीरचंदभाई मात्र कलकत्त्यास जाऊन राहिले, सुमारे सहा महिने बंगाली शिकले, कागद स्वतः अभ्यासले. अखेर कारखाना बंद झाला. परीक्षेसाठी नव्हे, तीर्थासाठी केलेला हा अभ्यास आम्हांस त्यांच्या पदवीहून मोठा वाटतो.

१८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण पूज्य आचार्य विजयानंदसूरीश्वरजींना होते. साधुआचारामुळे त्यांचे जाणे अशक्य. म्हणून त्यांच्या चरणी बसून वीरचंदभाईंनी शास्त्राध्ययन केले व ते निघाले. जैन दर्शनाबरोबरच योग व इतर भारतीय दर्शनांवरही त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी तेथे संस्था स्थापिली. परतल्यावर समुद्रगमनावरून स्वसमाजातच वादंग माजले, हेही नमूद केले पाहिजे. पुढे इंग्लंडात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १९०१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.